हायलंड गेम्समधली एकल बॅगपाइप स्पर्धा (ग्रेड ४): तयारी कशी करावी?

निनाद_ओटावा (धागाकर्ता)
मंडळी, ऑगस्टच्या सुरुवातीला मॅक्सव्हिलला ग्लेनगॅरी हायलंड गेम्स आहेत. एकल पाइपिंगमध्ये ग्रेड ४च्या (सुरुवातीच्या पातळीच्या) २/४ मार्चसाठी नाव द्यायचं ठरवलंय. पाइप आफ्रिकन ब्लॅकवुडचे, पिशवी सिंथेटिक, ड्रोनची (अखंड एकच सूर देणाऱ्या तीन नळ्यांची) रीड्स सिंथेटिक आणि चँटरचं (बोटांनी सुरावट वाजवायच्या नळीचं) रीड केनचं.

चार गोष्टी विचारायच्या आहेत. मार्च कसा निवडावा? ग्रेड ४ला सगळेच सोपे मार्च आणतात, त्यात एखादा अलंकारांनी भरगच्च मार्च वाजवला तर जजच्या लक्षात राहील असं मला वाटतं. रीड किती कडक ठेवावं? मैदानावर किती आधीपासून फुंकायला लागावं? आणि पीब्रॉखलाही (पाइपवरचं संथ, अभिजात संगीत) नाव द्यावं, की पहिल्या वर्षी मार्चच पुरे? जाणकारांनी हात आखडता न घेता लिहावं.

नऊस्वर
भरगच्च मार्चचं अजिबात पटलं नाही. हिशेब मांडतो. चार भागांचा मार्च, प्रत्येक भाग ८ बारचा आणि दोनदा वाजणारा. झाले ६४ बार, म्हणजे १२८ ठोके. मिनिटाला ६४ ठोके धरले तर बरोबर २ मिनिटं. आता पेन्सिल घेऊन टॉरलुआ (चार घटकांचा अलंकार) कुठे कुठे येतो त्यावर खुणा करा. ओळीगणिक एकच धरला तरी पुनरावृत्तीसकट १६ वेळा येतो. तो कच्चा असेल तर २ मिनिटांत जजला तीच चूक १६ वेळा ऐकावी लागते.

टॉरलुआचे घटक असे: लो जी, त्यावर डीचा कण, पुन्हा लो जी, मग ईच्या कणाने लो एवर उतरायचं. बिघडतो तो दुसऱ्या लो जीवर. उजव्या हाताची बोटं भोकांवर पुरती बसायच्या आत ईचा कण येतो आणि सगळं चिरडल्यासारखं ऐकू येतं. मेट्रोनोम ४०वर ठेवून चारही घटक सुटे ऐकू येतील असे वाजवा, मग चाल वाढवा. जो अलंकार ६४च्या चालीला सुटा ऐकू येत नाही, तो ज्यात सारखा येतो ती ट्यून यंदा नको.

केतकी_फर्गस
नऊस्वर यांच्याशी सहमत, पण ग्रेड ४च्या मार्कशीटवर टॉरलुआपेक्षाही जास्त वेळा दिसणारा शेरा म्हणजे क्रॉसिंग नॉइज. खालच्या हाताच्या स्वरावरून वरच्या हाताच्या स्वरावर जाताना दोन्ही हातांची बोटं एकाच क्षणी हलली नाहीत, तर मध्ये तिसराच स्वर चमकून जातो. डीवरून ईवर आणि लो एवरून एफवर जाताना हमखास. पाइपच्या गोंगाटात स्वतःला ते कळत नाही. प्रॅक्टिस चँटरवर कणस्वर पूर्ण काढून टाका, नुसती मूळ सुरावट सावकाश वाजवा आणि रेकॉर्ड करून ऐका. कण काढले की लपायला जागा उरत नाही.

डीच्या थ्रोमधला (डीवर येताना घ्यायच्या अलंकारातला) सी ऐकू येतो का तेही त्याच रेकॉर्डिंगवर तपासा. घाईत नेमका तोच गळतो.

बोरूबहाद्दर
एक बाजू राहून जातेय. अगदीच बाळबोध मार्च घेतला आणि दोघांनी सारखाच स्वच्छ वाजवला, तर जज ज्याच्या ट्यूनमध्ये जास्त ऐवज आहे त्याला वर काढणार. त्यामुळे 'सोपी घ्या' एवढंच सांगून भागत नाही. पाइपवर सलग तीनदा न थांबता, न गडबडता वाजवता येते आणि तिसऱ्या वेळी सूर खाली येत नाही, अशांपैकी सगळ्यात भारी ट्यून निवडावी. हा निकष चँटरवर लावायचा नाही, पाइपवर लावायचा.

नऊस्वर
@बोरूबहाद्दर, हा निकष मान्य. फक्त त्यात 'उभं राहून आणि चालत' हेही जोडा. मार्चमध्ये वादक संथ येरझाऱ्या घालतो. पावलं ठेक्याशी जुळली नाहीत तर बोटंही डगमगतात. वळताना चाल बदलते, म्हणून ओळीच्या मध्येच वळायचं नाही.

मावळतीचा_वारा
रीडबद्दल लिहितो. कडक रीडचा आवाज भरदार असतो हे खरं, पण ग्रेड ४मध्ये कडक रीडने जेवढे लोक बुडतात तेवढे दुसऱ्या कशाने बुडत नाहीत. तिसऱ्या भागात दंड थकतो, दाब उतरतो, ड्रोन आणि चँटर एकमेकांपासून सरकतात. मग बोटं कितीही चांगली असोत.

अंदाजाने ठरवू नका, मोजा. पारदर्शक प्लास्टिकची नळी यू आकारात फळीला बांधा, अर्धी पाण्याने भरा. एक टेनर ड्रोन काढून त्याच्या स्टॉकमध्ये (पिशवीला बांधलेल्या खोबणीत) भोकाचं बूच बसवा आणि नळीचं एक टोक त्यात घाला. आता वाजवा. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक म्हणजे तुमचा दाब. नवख्याला २४ ते २८ इंच झेपतात, ३२च्या वरचं रीड वर्षानुवर्षांच्या दमाचं काम. आकड्यापेक्षा स्थिरता महत्त्वाची. श्वास घेताना, म्हणजे फुंकेकडून काखेकडे दाब सोपवताना, पाणी १ इंचापेक्षा जास्त हललं नाही पाहिजे. त्याच नळीसमोर रोज १० मिनिटं लो ए लांबवत बसा.

रीड जरा जास्त कडक वाटलं तर पात्यांच्या खालच्या तिसऱ्या भागावर बारीक सँडपेपर दोन-तीनदा फिरवून वाजवून बघा. टोकाला हात लावायचा नाही, तिथे घासलं की हाय ए किंचाळायला लागतो. आणि स्पर्धेच्या आधी दोन आठवडे रीडला हातच लावू नका. जोडीला आणखी एक रीड रोज थोडं वाजवून मुरवून ठेवा. पाकिटातलं कोरं रीड ऐन वेळी काही कामाचं नाही.

केतकी_फर्गस
रीडच्या आधी गळती तपासा. फुंकणी सोडून सगळे स्टॉक बुचं लावून बंद करा, पिशवी टणक होईस्तोवर फुगवा. मिनिटभराने काखेत दाबल्यावर ती तशीच टणक लागली पाहिजे. मऊ पडली तर पिशवीची शिवण, स्टॉकची बांधणी आणि फुंकणीचा व्हॉल्व्ह या क्रमाने बघा. सांध्यांवरचं हेम्प (सांधा घट्ट बसवणारा दोरा) हिवाळ्यात सुकून सैल पडतं, त्याचे दोन-चार वेढे वाढवावे लागतात. ड्रोनचा वरचा भाग एका हाताने फिरला पाहिजे, पण आपोआप घसरता कामा नये.

ड्रोन रीडही चँटरच्या जोडीचं हवं. दोन ड्रोन बुचाने बंद करून एकेक तपासा. वाजवण्याच्या दाबापेक्षा थोडा जास्त दाब दिला की ड्रोन आपणहून बंद पडला पाहिजे. बंदच पडत नसेल तर तो हवा खातोय. ब्रायडल (रीडच्या जिभेवरचं कडं) जिभेच्या मोकळ्या टोकाकडे केसभर सरकवा. लवकर बंद पडत असेल तर उलट दिशेला. ब्रायडल हलवला की ड्रोनचा सूरही हलतो, तो स्लाइडवर (ड्रोनच्या सरकत्या सांध्यावर) पुन्हा जुळवून घ्या.

षड्जपंचम
सुराबद्दल मला जरा विस्ताराने लिहायचंय, कारण आपल्याकडच्या कानाला इथे मोठा फायदा आहे.

चँटरचा लो ए हा सा. एकल वादकांकडे तो साधारण ४८० हर्ट्झच्या आसपास असतो. टेनर ड्रोन त्याच्या एक सप्तक खाली, २४०ला, आणि बास दोन सप्तकं खाली, १२०ला. लो ए ते हाय ए हे शुद्ध गांधार आणि कोमल निषाद असलेलं सप्तक, म्हणजे खमाज थाटाचे स्वर. लो जी हा त्याखालचा कोमल निषाद. सगळे स्वर अखंड वाजणाऱ्या ड्रोनवर जुळवायचे, म्हणजे तानपुऱ्यावर जुळवतो तसेच.

फोनवरच्या साध्या ट्यूनरवर विसंबू नका. तो पेटीच्या समान अंतरांनी मोजतो. लो ए ४८० असेल तर ड्रोनशी जुळणारा सी ६०० हर्ट्झचा, ट्यूनर मात्र ६०४.८ मागेल. एफ ८०० हवा, तो ८०७ मागेल. हाय जी तर ८४०ला ठेवला तरच ड्रोनमध्ये विरघळतो, ट्यूनर ८५५ सांगतो. ट्यूनरचं ऐकून सी वर चढवला तर तो ड्रोनला घासत राहतो आणि जजला ते पहिल्या ओळीत कळतं. ट्यूनर वापरायचाच तर पाइपच्या श्रुती भरलेला वापरा.

चँटर जुळवताना आधी लो ए आणि हाय ए यांचं सप्तक बघा. हाय ए उतरलेला असेल तर रीड किंचित खोल बसवा, चढलेला असेल तर किंचित वर काढा. रीड हलवलं की वरच्या हाताचे स्वर जास्त सरकतात, खालचे कमी. सप्तक जुळल्यावर उरलेले चढे स्वर टेपने उतरवा. टेप भोकाच्या वरच्या कडेवर, एका वेळी अर्धा मिलिमीटर.

बोरूबहाद्दर
८४०चा हाय जी सगळ्यांना आवडतो असं नाही. कित्येक वादक तो त्याहून चढा ठेवतात. ग्रेड ४ला जज हाय जीवर अडून बसणार नाही. लो ए, ई आणि हाय ए हे तीन ड्रोनशी घट्ट जुळले की निम्मी लढाई झाली.

षड्जपंचम
@बोरूबहाद्दर, हाय जीबद्दल मतभेद आहेत हे खरं. सी आणि एफबद्दल मात्र मी हटणार नाही. :)

मुठेकाठची_मुक्ता
मी पुण्यात नुकतंच शिकायला लागलेय, धागा अधाशासारखा वाचतेय. दोन प्रश्न. फ्लॅटमध्ये रियाझ कसा करायचा? आणि भारतात वाद्य कुठलं घ्यावं?

मावळतीचा_वारा
@मुक्ता, पहिले सहा महिने ते वर्षभर फ्लॅटचा प्रश्नच येत नाही. प्रॅक्टिस चँटर पाइपपेक्षा एक सप्तक खाली आणि हळू वाजतो, शेजाऱ्यांना बंद दाराआड कळणारही नाही. पाइप मात्र कानाशी १०० डेसिबलच्या वर जातात. त्यासाठी टेकडी किंवा मोकळं मैदान, आणि संगीतकार वापरतात ते सगळे स्वर सारखे कमी करणारे इअरप्लग. फोमचे नकोत, त्यांनी वरचे स्वर बुजतात आणि जुळवणं चुकतं.

वाद्याचं म्हणाल तर मीरतचे पाइप स्वस्तात मिळतात, पण दर्जा नगागणिक बदलतो. स्पर्धेच्या दृष्टीने सगळ्यात आधी चांगल्या कंपनीचा प्रॅक्टिस चँटर घ्या, मग चांगला पाइप चँटर. ड्रोन एक वेळ चालून जातात, चँटरची भोकं चुकीच्या जागी असतील तर कितीही टेप लावा. शिकवायला लष्कराच्या पाइप बँडमधून निवृत्त झालेले वादक शोधा. ते ठेका आणि चाल उत्तम बसवतात. स्पर्धेतलं नाजूक काम पुढे ऑनलाइन गुरूंकडून शिकता येतं.

ओंटारियोचा_उन्हाळा
मैदानावर कधी सुरू करायचं याकडे कोणीच वळलं नाही, आणि निकाल बऱ्याचदा तिथेच ठरतो.

ऑगस्टमध्ये दुपारी ३० अंश असतात, सकाळी ८ला गवत दवाने ओलं. आतली हवा एका अंशाने तापली की सूर साधारण ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराच्या अंतराचा शंभरावा भाग) चढतो, आणि चँटर ड्रोनपेक्षा जास्त चढतो. त्यामुळे तंबूच्या सावलीत जुळवलेले पाइप उन्हातल्या जजसमोर पाच मिनिटांत सुटतात. जिथे वाजवायचंय तसल्याच उन्हात किंवा सावलीत जुळवा.

माझं वेळापत्रक असं: नंबर यायच्या ५० मिनिटं आधी पाइप बाहेर काढायचे, १५ मिनिटं सलग वाजवायचे, जुळवणीच्या मागे लागायचं नाही. मग १० मिनिटं विश्रांती, चँटर काढून कोटाच्या आत. मग पुन्हा १० मिनिटं, आता नीट जुळवणी. पुढची विश्रांती पाचच मिनिटांची. स्टुअर्डने (मैदानावरच्या व्यवस्थापकाने) 'पुढचा नंबर तुमचा' म्हटल्यावर दोन मिनिटं फुंकून गरम ठेवायचे. स्पर्धेची ट्यून या सगळ्यात एकदाच पूर्ण वाजवायची. ओठ थकले की कडेने हवा सुटते आणि दाब कोसळतो. पाइप उन्हात किंवा बंद गाडीत ठेवायचे नाहीत, ब्लॅकवुडला चीर जाते.

केतकी_फर्गस
५० मिनिटं चामड्याच्या पिशवीला ठीक, तिला ओल मुरायला वेळ लागतो. निनाद यांची पिशवी सिंथेटिक आहे. तिच्यात ओल मुरत नाही, साठते. ३० मिनिटांत ड्रोन रीडच्या जिभेवर थेंब बसतो आणि ड्रोन ऐन ट्यूनमध्ये मुका होतो. त्यांनी एकूण २० ते २५ मिनिटंच फुंकावं. नंबरच्या आधी ड्रोन स्टॉकमधून काढून रीड कोरड्या फडक्याने टिपावीत, फुंकणीचा वॉटर ट्रॅप रिकामा करावा.

सिलिका जेलचा डबा वापरत असाल तर त्याच्या नळ्या फक्त ड्रोनकडे न्या. चँटरचं केन रीड पूर्ण कोरडं पडलं की आवाज पातळ होतो आणि वरचे स्वर चढतात. त्याला थोडी ओल हवीच असते.

ओंटारियोचा_उन्हाळा
@केतकी, सिंथेटिकबद्दलची दुरुस्ती मान्य. फक्त थंड, पावसाळी सकाळ असेल तर २५ मिनिटं कमी पडतील, तेव्हा ३५ धरा. ट्रॅप मात्र दोनदा रिकामा करा.

वाऱ्याचंही लक्षात ठेवा. जोराचा वारा ड्रोनच्या तोंडावर आला की ड्रोन थरथरतो, कधी बंदही पडतो. जजसमोर उभं राहताना वारा पाठीवर येईल अशी जागा घ्या, तेवढी मुभा असते. शेजारच्या मैदानावर दुसरा पाइपर वाजवत असतोच, त्याच्या ड्रोनकडे कान गेला की आपली जुळवणी बिघडते. बाहेरचा टेनर आधी लो एशी जुळवा, मग बास, शेवटी मधला टेनर. स्पंदनं मंदावत जाऊन थांबली की हात काढायचा. जजसमोर मिनिटभरात आटपा. जुळवणीला किती वेळ द्यायचा ते नियमपुस्तकात असतं, आणि लांबवलेली जुळवणी ऐकून जजचं मत आधीच बनतं.

नऊस्वर
सुरुवातीवर कोणी लिहिलं नाही म्हणून. पिशवी अर्धी-पाऊण भरा, डाव्या काखेत घ्या, डावा हात चँटरवर ईच्या बोटांत. फुंकताफुंकता उजव्या तळव्याने पिशवीला एक नेमका दणका. तिन्ही ड्रोन एकदम लागले पाहिजेत. लगेच काखेचा दाब, चँटर ईवर बोलतो, उजवा हात खाली येतो. पिशवी जास्त भरली तर चँटर आधीच किंचाळतो. कमी भरली तर ड्रोन कण्हत एकामागून एक लागतात. हे रोज दहा वेळा निव्वळ सुरुवात म्हणून करा. शेवटही तसाच: शेवटचा स्वर पुरा धरायचा, मग फुंक आणि काख एकाच वेळी सोडायची. ड्रोनची शेपटी उरता कामा नये.

मध्येच चुकलात तर थांबू नका. चुकीच्या स्वराचे गुण जातात, थांबलात तर स्पर्धाच संपते.

बोरूबहाद्दर
पोशाख: बहुतेक संघटनांना हायलंड पोशाख लागतोच. किल्ट, होज (लांब मोजे), स्पॉरन (कमरेची थैली), ग्लेनगॅरी टोपी, टाय. टार्टन कुठल्याही कुळाचं चालतं. किल्टच्या चुण्या मागे, वरचा पदर आपल्या उजव्या बाजूला बंद होतो, खालची कड गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर. किल्टपिन फक्त वरच्या पदराला लावायची. दोन्ही पदर टोचले तर चालताना कापड फाटतं. पूर्ण पोशाखात किमान चार-पाचदा रियाझ करा, कोटाच्या बाहीने काखेचा दाब बदलतो. होजमधली स्किअन दू (छोटी सुरी) विमानाने जाताना चेक-इन सामानात.

मावळतीचा_वारा
विमानाचा विषय निघालाच आहे तर: जुन्या पाइपना हस्तिदंती माउंट (नळ्यांवरच्या कड्या) असतील तर कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडू नका. २०१४मध्ये कॅनडातून अमेरिकेत परतणाऱ्या दोन तरुण पायपरांचे पाइप याच कारणाने सीमेवर जप्त झाले होते, पुढे परत मिळाले. ब्लॅकवुडही २०१७ पासून साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहे, पण तयार वाद्यांना २०१९मध्ये सूट मिळाली. प्लास्टिकचे माउंट असतील तर काही अडचण नाही.

निनाद_ओटावा
एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. भरगच्च मार्चचा हट्ट सोडला. बोरूबहाद्दर यांच्या निकषावर टिकणारा मार्च घेतो. नळीचं यंत्र या शनिवारी बनवतो. पीब्रॉखचं मात्र राहिलं. द्यावं का नाव?

षड्जपंचम
द्या, नक्की द्या. ग्रेड ४ला बहुतेक ठिकाणी ऊर्लार (पीब्रॉखची मूळ सुरावट) आणि फार तर पुढचं एखादं व्हेरिएशन एवढंच लागतं, पूर्ण रचना नाही. तुमच्या संघटनेचा यंदाचा तक्ता बघून घ्या. अलंकार थोडे, चाल संथ, स्वर लांब. म्हणजे बोटांची परीक्षा कमी आणि दाबाची, सुराची जास्त. त्याच तयारीने तुमचा मार्चही सुधारेल. बोटांच्या वेगात तुम्ही मागे असाल, पण ड्रोनशी एकरूप झालेला लांब ई तुम्ही पहिल्या वर्षीही वाजवू शकता.

पाइपिंगच्या स्पर्धा सुरूच याच संगीताने झाल्या, १७८१मध्ये फॉल्कर्कला. आजही ओबान आणि इनव्हरनेसची सुवर्णपदकं पीब्रॉखचीच आहेत. शिकताना कागदावरच्या स्वरलिपीवर थांबू नका. तिथे स्वरांच्या लांबीचा अर्धाच अंदाज मिळतो. कॅनटॅरॅख म्हणजे बोलांनी गाऊन शिकायची पद्धत आहे, तबल्याचे बोल पढंतीत म्हणतो त्याच वळणाची. गुरूकडून ऊर्लार गाऊन घ्या, स्वतः गा, मग चँटर उचला. वाक्य कुठे संपतं आणि श्वास कुठे सुटतो ते गाताना कळतं.

नऊस्वर
मी पहिल्या वर्षी एकच स्पर्धा म्हणणाऱ्यांतला, कारण दोन स्पर्धांमध्ये पाइप थंड होतात आणि ओठ थकतात. पण षड्जपंचम यांचा दाबाचा मुद्दा बिनतोड आहे. दोन्हीला नाव देणार असाल तर दोन्ही मैदानांच्या स्टुअर्डना सकाळीच सांगून ठेवा. वेळा एकमेकींवर आल्या तर ते क्रम मागेपुढे करतात, आधी सांगितलेलं असेल तरच.

केतकी_फर्गस
आणि ऊर्लार वाजवताना नुसती पावलं टाका, पायाने ठेका धरू नका. मार्चवरून थेट पीब्रॉखला गेलं की पाय आपोआप ताल धरतो. जजला तो लगेच दिसतो.

ओंटारियोचा_उन्हाळा
@निनाद, प्रवेशाची मुदत गेम्सच्या बऱ्याच आधी संपते आणि संघटनेचं चालू वर्षाचं सदस्यत्व असल्याशिवाय नाव घेत नाहीत. दोन्ही आजच भरा. अर्जात ट्यूनचं नाव विचारलं असेल तर मार्चचं नक्की करूनच लिहा.

निनाद_ओटावा
सदस्यत्व आहे. मार्च आणि पीब्रॉख, दोन्ही अर्ज आत्ताच भरले.